हवा वाढली, मोजणारा तेवढाच : मॅफ सेन्सरचा आवाका कसा वाढवावा?

धागाकर्ता : कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

मॅफ म्हणजे इंजिनात शिरणारी हवा मोजणारा सेन्सर. त्यावर मराठीत सलग काही वाचायला मिळत नाही, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं, चुकत असेल तिथे थांबवावं.

गाडी जुनी ऑक्टेव्हिया, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीची. मूळ टर्बोच्या पंख्याला खेळ आला होता. नवा बसवायचाच होता, तर एक माप मोठा घेतला आणि समोर मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) टाकला. आता टर्बो बूस्ट (हवेचा वाढीव दाब) १ बारच्या आसपास धरतो. गाडी ट्रॅक डेसाठी आहे, रोजच्या ऑफिसला जायला दुसरी आहे.

अडचण लॉगमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातून नोंदवलेल्या आकड्यांत, दिसली. बूस्ट पूर्ण, थ्रॉटल पूर्ण, आरपीएम चढतायत, पण ५५०० च्या आसपास मॅफचा आकडा आडवा होतो. इंजिन त्यापुढे जास्त हवा ओढत नसेल हे शक्य नाही. म्हणजे हवा जातेय, ती मोजणाराच तिथे संपलाय.

हिशेब करून पाहिला. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. १.८ लिटर, ६००० आरपीएम, भरण ९० टक्के धरलं तर मिनिटाला ४८६० लिटर, तासाला सुमारे २९२ घनमीटर. आपल्याकडच्या हवेत हे साधारण ३४० किलो प्रतितास होतं. हे टर्बोशिवाय. १ बार बूस्टवर, इंटरकूलरनंतरची उष्णता धरून घनता १.७ पट मानली तर आकडा ५८० च्या जवळ जातो. बॉशच्या एचएफएम५ मालिकेत ३७०, ४८०, ६४०, ८५० किलो प्रतितास असे वेगवेगळ्या आवाक्याचे सेन्सर आहेत आणि माझा ४८० चा आहे. त्याच्या वर तो थोडं चढून दाखवतो, पण त्या आकड्यावर इंजिन सोपवण्याची माझी तयारी नाही.

माझा बेत असा: सेन्सरचा मूळ भाग, म्हणजे दोन स्क्रूंवर निघणारा तो चपटा तुकडा, तसाच ठेवायचा आणि घर, म्हणजे तो ज्यात बसतो तो पाइपचा तुकडा, मोठं करायचं. आतला व्यास ६० मिमी आहे तो ७० करायचा. क्षेत्रफळ १.३६ पट होतं, म्हणजे त्याच वेगाला ३६ टक्के जास्त हवा. ४८० चा सेन्सर ६५० पर्यंत पोचला पाहिजे. मग ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) व्होल्टेज-ते-हवा हा तक्ता त्या हिशेबाने बदलायचा.

घर वागळे इस्टेटमध्ये अॅल्युमिनियममध्ये वळवून घेता येईल. प्रश्न दोन: नुसता १.३६ ने गुणलेला तक्ता विश्वासाचा असेल का? आणि नसेल तर फ्लो बेंच (हवेचा प्रवाह मोजणारं यंत्र) हाताशी नसताना तो तपासायचा कसा?

---

उपवन

वाचनखूण साठवली. बऱ्याच दिवसांनी इथे इंजिनाबद्दल आकड्यांसकट धागा आला.

---

पारसिक

एवढा व्याप कशाला? ईसीयूला हात न लावता होतं. घर मोठं करा आणि त्याच प्रमाणात इंजेक्टर मोठे टाका. सेन्सर २३ टक्के कमी हवा सांगेल, ईसीयू २३ टक्के कमी वेळ इंजेक्टर उघडेल, इंजेक्टर ३० टक्के जास्त सोडतील. गोळाबेरीज तीच. ट्यूनिंगचे पैसे वाचले. पूर्वी परदेशात लोक याच हिशेबाचे तयार सेन्सर विकत घ्यायचे.

---

मापाडी

पारसिक, इंधनापुरतं तुमचं बरोबर आहे. पण आधी सेन्सर काय करतो ते लिहितो, त्यातून पुढचं आपोआप कळेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत फ्लोमीटर लावण्यात आणि कॅलिब्रेट करण्यात नोकरी गेली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

मॅफमध्ये तापवलेली तार किंवा पातळ फिल्म असते. हवेपेक्षा ती ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, हे सर्किटचं काम. हवा वेगाने गेली की उष्णता जास्त ओढली जाते, तापमान टिकवायला जास्त वीज लागते, तीच वीज म्हणजे माप. हवा दाट असली तरी उष्णता जास्त जाते, म्हणून हा सेन्सर घनफळ न मोजता थेट वस्तुमान मोजतो. ठाण्याहून लोणावळ्याला चढलात, हवा विरळ झाली, तरी त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. व्होल्टेज आणि हवा यांचं नातं सरळ रेषेचं नाही. किंगच्या नियमाप्रमाणे व्होल्टेजचा वर्ग हा एक स्थिरांक अधिक प्रवाहाच्या जवळजवळ वर्गमुळाशी प्रमाणात जातो. कमी हवेला रेघ उभी चढते, जास्त हवेला चपटी होत जाते. म्हणजे वरच्या टोकाला व्होल्टेजमधली बारीकशी चूक हवेच्या किलोंत मोठी चूक होऊन उतरते. अर्थिंगची वायर गंजली, थोडं व्होल्टेज तिथे अडकलं, तर आयडलला ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेईल, कदाचित कळणारही नाही. पूर्ण बूस्टवर मात्र मिश्रण बिघडेल. कोलशेतकर, घर वळवायच्या आधी सेन्सरची अर्थ वायर मल्टिमीटरने तपासा. कदाचित आडव्या रेघेचं थोडं कारण तिथेही निघेल.

---

कोलशेतकर

मापाडी काका, मनापासून आभार. अर्थ तपासली, स्वच्छ आहे. इंजिन चालू, एसी, दिवे, पंखा सगळं लावून मोजली.

पारसिक, तुमच्या उपायावर माझा आक्षेप आहे आणि तो ठामपणे लिहितो, कारण गॅरेजमध्ये हाच सल्ला सर्रास मिळतो.

ईसीयू मॅफचा आकडा फक्त इंधनासाठी वापरत नाही. त्याच आकड्यावरून तो लोड, म्हणजे सिलिंडर किती भरलाय ते, काढतो, आणि लोडवरून ठिणगी किती अंश आधी टाकायची ते ठरवतो. खरा लोड १५० टक्के असताना सेन्सरने खोटं सांगितलं तर ईसीयूला तो ११५ दिसतो. ११५ च्या रकान्यात ठिणगी आधीची असते, कारण कमी भरलेल्या सिलिंडरला ती चालते. तुमच्या सिलिंडरमध्ये मात्र १५० ची हवा कोंबलेली आहे. एवढ्या दाबाला एवढी लवकर ठिणगी म्हणजे नॉकला, मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या हादऱ्यांना, आमंत्रण. नॉक सेन्सर ऐकेल आणि मागे खेचेल, पण तो धक्का बसल्यावर सावध करणारा आहे, धक्का टाळणारा नाही. त्यात मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला उभं राहून तापलेली हवा आत गेली की उरलासुरला अवकाशही संपतो.

आणि इंजेक्टर तेच ठेवून नुसतं घर मोठं केलं तर ते याहून वाईट. ईसीयूला हवेचा ७३ टक्केच भाग दिसणार. हलक्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून तो दुरुस्ती करेल, पण पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे आदर्श, त्याहून जास्त म्हणजे इंधन कमी) ०.८२ मागितला असेल तर मिळेल १.१२ च्या जवळ. बूस्टमध्ये १.१२! पिस्टनच्या कडा वितळायला एक लांब सरळ रस्ता पुरतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की घर बदला, इंजेक्टर बदला, पण ईसीयूला खरी हवा सांगा. त्याच्याशी खोटं बोलून मिळवलेली ताकद टिकत नाही.

---

पारसिक

ठिणगीचा मुद्दा पटला. माझ्या डोक्यात जुन्या टर्बो नसलेल्या गाड्या होत्या, तिथे फरक थोडा असतो आणि निभावतं. १ बारला नाही निभावणार.

---

नेरूळ_टर्बो

मग मॅफ ठेवायचाच कशाला? काढून टाका आणि मॅपवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या सेन्सरवर, जा. दाब, हवेचं तापमान आणि भरणाचा तक्ता, या तिघांवरून हवा काढता येते. पाइपमध्ये अडथळा राहत नाही, पाइप कुठूनही फिरवा, ब्लो-ऑफ (थ्रॉटल मिटल्यावर साचलेला दाब सोडणारी झडप) बाहेर सोडा, काही फरक पडत नाही. ३ बारचा दाब सेन्सर सहज मिळतो. माझी गाडी तशीच चालते.

आणि काही जण मॅफच्या तारेवर व्होल्टेज दाबणारी डबी लावायला सांगतील. सेन्सर वरच्या टोकाला गेला की ईसीयू घाबरून इंधन तोडतो, ते तुटू नये म्हणून ही डबी आकडा अलीकडेच अडवते. ती अजिबात लावू नका. हवा वाढत राहते आणि ईसीयूला ती वाढलेली कळतच नाही.

---

कोलशेतकर

डबीबद्दल शंभर टक्के सहमत.

मॅपवर जायचा विचार केला होता. पण भरणाचा तक्ता त्या एका जोडणीपुरता खरा असतो. उद्या एक्झॉस्ट बदलला, कॅमशाफ्ट बदलला, की तक्ता पुन्हा बनवा. मॅफ जे खरोखर गेलं तेच मोजतो. माझी गाडी अजून बदलत जाणार आहे, म्हणून मला मोजणारा हवाय, अंदाज बांधणारा नकोय. शिवाय या ईसीयूचं मूळ सॉफ्टवेअर मॅफभोवती उभं केलेलं आहे. ब्लो-ऑफ मी बाहेर सोडत नाही, इनटेकमध्येच परत घेतो. मॅफने मोजलेली हवा बाहेर सोडली तर गिअर बदलताना तेवढ्या हवेचं पेट्रोल फुकट आत जातं आणि मागून काळा धूर येतो.

---

वाशीकर

माझी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. फिल्टरच्या पेटीवर शोधलं, असा सेन्सर सापडला नाही. आणि भावाची डिझेल स्विफ्ट आहे, १.३ ची, तिला आहे. तिचं घर मोठं केलं तर घाटात पिकअप वाढेल का?

---

मापाडी

वाशीकर, अनेक लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, मॅनिफोल्डवर दाबाचा सेन्सर असतो. तुमच्याकडे वाढवण्यासारखं काही नाही आणि त्याची गरजही नाही. टर्बो नसलेलं इंजिन मूळ आवाक्याच्या बाहेर जात नाही.

भावाच्या डिझेलला हात लावू नका. डिझेलमध्ये मॅफचं मुख्य काम ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात घेणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा ते ठरवणं आणि धुराची मर्यादा पाळणं. घर मोठं केलंत तर ईसीयूला हवा कमी दिसेल. ईजीआर जास्त उघडलाय असं समजून तो बंद करत नेईल आणि पूर्ण दाबलेल्या पेडलवर धूर होऊ नये म्हणून डिझेल कापेल. घाटात गाडी आहे त्याहून मंद होईल.

---

रबाळे_टर्नर

घराबद्दल लिहितो. माझं लेथचं वर्कशॉप आहे, अशी घरं केली आहेत.

कोलशेतकर, नुसता बोअर ७० केला की काम झालं असं समजू नका. पाइपमधली हवा सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही, मध्ये जोरात आणि भिंतीशी हळू. तुमच्या सेन्सरचं छोटं तोंड मधल्या भागातली हवा घेतं. घर मोठं केलंत आणि सेन्सर त्याच खोलीला ठेवलात तर तोंड मध्यापासून सरकतं. म्हणून बसवायचा पाट आत घ्यावा लागतो, की तोंड पुन्हा अक्षावर येईल. ही खोली मूळ घरावर डेप्थ गेजने आधी मोजून ठेवा. पाट सपाट हवा, ओ-रिंग नीट दबली पाहिजे, आणि सेन्सर प्रवाहाला तिरका बसता कामा नये. दोन-चार अंश फिरला तरी माप बदलतं.

दुसरं, तोंडाची जाळी. कितीतरी लोक ती काढून फेकतात, म्हणे हवा अडते. ती जाळी प्रवाह सरळ करायला आहे. फिल्टरनंतर लगेच बाक असेल तर हवा गिरकी घेत येते आणि सेन्सर नाचायला लागतो. नव्या घराला ७० ची जाळी बसेल असा खाचा ठेवा. आणि सेन्सरच्या आधी जमेल तेवढा सरळ पाइप. बोनेटखाली आदर्श लांबी मिळत नाही हे मान्य, पण बाकाला चिकटून सेन्सर बसवू नका.

आणखी एक. सेन्सरची पट्टी स्वतः जागा अडवते. ६० मध्येही तेवढीच आणि ७० मध्येही तेवढीच. मोकळ्या जागेचं प्रमाण काढलंत तर १.३६ पेक्षा जरा जास्त येईल.

---

काळा_कोट

रसभंग करायचा नाही, पण लिहिलं नाही तर चुकीचं होईल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायचं कारण होऊ शकतो, हे वेगळंच.

एमएच-०४ असो की एमएच-४३, नियम एकच. गाडी ट्रॅकपुरती असेल तर ट्रेलरवर न्या. आणि घोडबंदर रोड किंवा पाम बीचवर पूर्ण थ्रॉटलचे लॉग घेण्याचा विचारही नको.

---

कोलशेतकर

अनुमोदन. पूर्ण थ्रॉटलचं सगळं काम डायनोवरच, म्हणजे रोलरवर गाडी जागीच पळवणाऱ्या यंत्रावर, होणार. घोडबंदरला सकाळी चालायला आणि सायकल घेऊन किती लोक बाहेर पडतात ते रोज बघतो. तिथे हे करणाऱ्याला माझा पाठिंबा नाही.

---

मैत्रेयी_ऐरोली

फिल्टरबद्दल कुणीच लिहिलं नाही. हवा वाढवायची म्हणून लोक तेलात भिजवलेला सुती फिल्टर लावतात. तेल जास्त झालं की ते उडून सेन्सरच्या फिल्मवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर कमी सांगायला लागतो. मग पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, असा कोड येतो आणि गॅरेजवाला ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. माझ्या गाडीला हेच झालं होतं. आधी मॅफ क्लीनरने धुऊन बघितलं, ट्रिम (ईसीयू करत असलेली इंधनाची दुरुस्ती) परत जागेवर आले.

धुताना फक्त मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नको. बोट किंवा कापूस लावायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. पूर्ण वाळल्याशिवाय सॉकेट जोडायचं नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात उघडा कोन फिल्टर खाली बंपरमागे ठेवणं हा तर जुगार आहे. कुठल्या सखल चौकात पाणी तुंबेल सांगता येत नाही. घर नवीन करताय तर फिल्टरची पेटीही बंद आणि उंचावर करा.

---

कोलशेतकर

मैत्रेयी ताई, पेटी मूळचीच ठेवतोय, कागदी फिल्टरसकट. फक्त तिचं तोंड ७० चं करून घेतोय.

---

नेरूळ_टर्बो

एक शंका. घर वळवण्यापेक्षा सरळ ६४० किंवा ८५० चा अस्सल सेन्सर घरासकट का घेत नाही? त्याचा तक्ता उत्पादकानेच दिलेला असतो.

---

मापाडी

नेरूळ_टर्बो यांच्याशी मी सहमत आहे. खात्रीच्या दुकानातून, खऱ्या भाग क्रमांकाचा मिळत असेल तर तोच पहिला पर्याय. कारखान्यात कॅलिब्रेट झालेल्या वस्तूची बरोबरी घरी होत नाही. पण बाजारात नकली मॅफ खूप आहेत, दिसायला हुबेहूब आणि मापात कुठल्या कुठे. वापरलेला घेतला तर फिल्मवर काय बसलंय ते दिसत नाही. मोठ्या सेन्सरचा तक्ता त्याच्याच घरासाठी असतो, सेन्सर एकाचा आणि घर दुसऱ्याचं असं केलं की तोही तक्ता निरुपयोगी.

कोलशेतकर, तुमच्या सेन्सरवर विश्वास असेल तर घर वळवणं ठीक. आता तुमचा दुसरा प्रश्न, तपासायचं कसं. फ्लो बेंच नसली तरी तुमच्याकडे हवा ओढणारं यंत्र आहेच, तुमचं इंजिन. जुनं ६० चं घर आणि नवं ७० चं घर एकामागे एक लावा, मध्ये लांब सरळ पाइप. दोन्हींत सारखेच सेन्सर. दोन्हींतून तीच हवा जाणार. जुन्याचा तक्ता माहीत आहे, त्यावरून नव्याच्या प्रत्येक व्होल्टेजला हवा लिहीत जा. जुना ४८० ला थांबेल, पण तिथपर्यंतची रेघ तुम्हाला प्रत्यक्ष मोजलेली मिळेल. मग क्रम उलटा करून पुन्हा मोजा. पुढच्या सेन्सरमुळे मागच्याच्या प्रवाहात खळबळ होत असेल तर ती त्यात पकडली जाईल. सेन्सरही आपसात बदलून बघा.

---

कोलशेतकर

काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. करतो.

---

रबाळे_टर्नर

मस्त उपाय. घर माझ्याकडे घेऊन या, पाटाची खोली समोर बसून ठरवू.

---

तिकुजिनीवाडी_पेट्रोल

या सगळ्यात इंधनाची बाजू विसरू नका. ५८० किलो हवेला लॅम्डा ०.८२ वर शुद्ध पेट्रोल तासाला सुमारे ४८ किलो, म्हणजे ६५ लिटरच्या आसपास. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला २७० मिली, तेही सतत उघडे धरून. ८५ टक्क्यांवर थांबायचं तर ३२० मिलीचे इंजेक्टर लागतात. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याचं आदर्श प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या जवळ येतं. त्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन. म्हणजे ३४० च्या वरचे इंजेक्टर आणि तेवढा दाब टिकवणारा पंप. मॅफ अचूक झाला आणि इंजेक्टर कमी पडले तर निकाल तोच, पातळ मिश्रण.

---

मापाडी

उत्तम मुद्दा. त्यात क्रमाचा एक सल्ला. घर आणि इंजेक्टर एकाच वेळी बदलू नका. लॅम्डा चुकला तर दोष हवेच्या मापाचा की इंजेक्टरचा हे सांगता येणार नाही. आधी मूळ इंजेक्टरवर, बूस्ट कमी ठेवून, मॅफचा तक्ता पक्का करा. मगच इंजेक्टर बदला आणि तेव्हा मॅफच्या तक्त्याला अजिबात हात लावू नका. फक्त इंजेक्टरचा स्थिरांक आणि बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलणारा त्याचा उघडण्याचा उशीर, एवढंच दुरुस्त करा. चूक सगळीकडे सारख्या टक्क्यांनी दिसली तर स्थिरांक. फक्त आयडल आणि हलक्या चालीत दिसली तर उशीर.

---

कोलशेतकर

उशिरा लिहितोय, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

घर रबाळ्याला वळवलं. पाट आत घेतला, सेन्सरचं तोंड अक्षावर आणलं, जाळी बसवली. मग मापाडी काकांच्या पद्धतीने दोन्ही घरं एकामागे एक लावली. बोनेट बंद होत नव्हतं, त्यामुळे हे सगळं डायनोवर, समोर मोठा पंखा लावून.

निकाल असा. मधल्या पट्ट्यात गुणक १.३९ च्या आसपास स्थिर आला, म्हणजे १.३६ पेक्षा जास्त. रबाळे_टर्नर यांचं म्हणणं खरं ठरलं. पण खालच्या टोकाला तो गुणक टिकत नाही. आयडलजवळ तो हलतो, आणि क्रम उलटा केल्यावर वेगळा येतो. म्हणजे नुसता एका आकड्याने गुणलेला तक्ता खाली चुकीचाच झाला असता. या ईसीयूत तक्त्याला ५१२ बिंदू आहेत, त्यामुळे प्रत्येक भागाला वेगळा आकार देता आला. एक सावधगिरी: या तक्त्यात प्रत्येक आकड्यात २०० किलो मिळवून ठेवलेले असतात, उलट्या दिशेची हवाही मांडता यावी म्हणून. ते वजा न करता गुणलं तर सगळा तक्ता बिघडतो. आधी २०० वजा, मग गुणाकार, मग परत २०० अधिक.

४८० च्या वरचा भाग १.३९ धरून पुढे वाढवला आणि वाइडबँडने (लॅम्डा मोजणाऱ्या सेन्सरने) तपासला. बूस्ट थोडाथोडा चढवत, प्रत्येक पायरीला मागितलेला लॅम्डा आणि मिळालेला लॅम्डा ताडून. इंजेक्टर त्यानंतर बदलले, काकांनी सांगितलेल्या क्रमानेच. शेवटी पूर्ण बूस्टवर हवेचा आकडा ५७० च्या वर गेला आणि रेघ शेवटपर्यंत चढती राहिली. लॅम्डा मागितल्यापासून दोन-तीन टक्क्यांच्या आत. ठिणगी खऱ्या लोडच्या रकान्यातून येतेय, नॉकमुळे मागे खेचणं जवळजवळ नाही.

---

मापाडी

अभिनंदन. मनापासून आनंद झाला. आता आयडलचं सांगा. तुमच्या सेन्सरचा आवाका खाली १० किलोपासून सुरू होतो. मोठ्या घरात ती पायरी १४ च्या जवळ सरकली असणार. १.८ च्या इंजिनाचं आयडल त्याच्या खाली जातं.

---

कोलशेतकर

तीच एक किंमत मोजावी लागली, काका. एसी बंद असताना आयडलला आकडा १० ते १२ किलोत फिरतो आणि तिथे सेन्सर अस्थिर आहे. सुरुवातीला आरपीएम वर-खाली होत होते. तक्त्याचा तो भाग ट्रिम बघून हाताने गुळगुळीत केला, एकाला एक लागून असलेल्या बिंदूंत उडी राहू दिली नाही. आता लांब पल्ल्याचा ट्रिम आयडलला ४ टक्क्यांच्या आत आहे, चालीत २ च्या. एसी लावला की हवा वाढते आणि प्रश्नच राहत नाही. थंड इंजिनावर पहिला मिनिटभर थोडं हलतं, ते मी स्वीकारलंय. ७० ऐवजी ६७ चं घर केलं असतं तर आयडल सुधारलं असतं, पण वर अवकाश फार थोडा उरला असता.

---

वाशीकर

पीयूसीला चालेल का अशी गाडी?

---

कोलशेतकर

पीयूसीत २५०० आरपीएमला लॅम्डा १ च्या अलीकडे-पलीकडे ०.०३ मध्ये लागतो, निदान बीएस-४ पासूनच्या गाड्यांना. तिथे ट्रिम २ च्या आत असल्यामुळे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ जागी असल्यामुळे गाडी त्यात बसते. पण काळा_कोट यांनी लिहिलेलं त्यामुळे बदलत नाही. ट्रॅकला ती ट्रेलरवरच जाते.

---

मैत्रेयी_ऐरोली

नव्या तक्त्याची प्रत आणि दोन्ही क्रमांचे लॉग इथे टाकाल का? ७० चं घर करणाऱ्या पुढच्या माणसाला निदान आकार तरी दिसेल.

---

कोलशेतकर

टाकतो. पण तो तक्ता माझ्या सेन्सरचा, माझ्या घराचा आणि माझ्या पाइपच्या बाकाचा आहे. कुणीही तो जसाच्या तसा आपल्या ईसीयूत भरू नये. स्वतःची दोन घरं एकामागे एक लावून मोजावं, आणि मोजलेलं इथे टाकावं.

---

रबाळे_टर्नर

पाटाचं ड्रॉइंग मी टाकतो, मापांसकट. सेन्सरची खोली मात्र ज्याने त्याने मोजावी.